गोष्टीला गुण नाहीत

माझ्या लेखनावर एका मुलाला पदवी मिळाली, याचा मला आनंदच आहे. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणायचं, म्हातारा जळतोय. तसं काही नाही. मुलगा गुणी होता. ऐन लावणीच्या दिवसांत आला, ओसरीवर बसला, चहा घेतला, मोबाइल मधे ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारलं, "काका, तुमच्या कथांत आगरी बोलीचं प्रमाण किती?"

मी म्हटलं, "मोजलं नाही बाबा."

"मी मोजलंय," तो म्हणाला. आणि खरंच मोजलं होतं. त्याच्याकडं कोष्टक होतं. कुठल्या कथेत किती बोलीतले शब्द, किती म्हणी, संवादात किती, निवेदनात किती. मी जन्मभर भात मोजलं, पेंढ्याचे भारे मोजले, पण शब्द मोजणारा माणूस पहिल्यांदाच बघितला.

वर्षभरानं त्याचा प्रबंध बांधून झाला. लाल रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. मला दाखवायला मुद्दाम घेऊन आला. शेवटच्या पानांत संदर्भग्रंथांची सूची आणि त्या सूचीत मी. माझ्या नावापुढं 'गडब, ता. रोहा' असं छापलेलं. गडब पेण तालुक्यात आहे. सातबाऱ्यासाठी मी पेणच्या तहसील कचेरीत इतके खेटे घातलेत की तिथल्या पायऱ्या मला ओळखतात. पण पोरगं आनंदात होतं. मी काही बोललो नाही. बायकोला सांगितलं, पेढे आण.

त्याच वर्षी माझी पुतणी एम. ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिलाही शोधप्रकल्प करायचा होता. तिच्याजवळ आठ गोष्टी लिहून तयार होत्या. तीन वर्षं लिहीत होती, फाडत होती, परत लिहीत होती. ती कॉलेजात गेली आणि म्हणाली, या आठ गोष्टी हाच माझा प्रकल्प धरा. सोबत वीसेक पानं लिहून देते, गोष्टी कुठून आल्या, कुणाकुणाला भेटले, काय सोडलं, काय ठेवलं.

सरांनी वही चार दिवस ठेवून घेतली. वाचली असावी, कारण परत देताना म्हणाले, गोष्टी चांगल्या आहेत. मग म्हणाले, "पण याला संशोधन म्हणत नाहीत. गृहीतक कुठं आहे? निष्कर्ष कुठं आहेत? तू असं कर, एखाद्या ग्रामीण कथाकाराचा अभ्यास घे." आणि हसून पुढं म्हणाले, "तुमच्या घरातच आहे की एक."

म्हणजे काकावर लिहिलं तर गुण, आणि काकासारखं लिहिलं तर शून्य.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. सरांचंही नाही. नियम काही त्यांनी केलेला नाही. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असणार. माझं भांडण त्या माणसाशी नाही, त्या रीतीशी आहे. आपल्याकडं मराठी शिकून पदवी घ्यायची तर दुसऱ्यानं लिहिलेल्यावर लिहायचं, ही ती रीत. अभ्यासक्रमात कुठं कुठं सर्जनशील लेखनाची एखादी पत्रिका असते म्हणतात. चार ओळींवरून कथा पूर्ण करा, असलं काहीतरी. पण शेवटी जो प्रबंध बांधायचा, ज्याच्यावर सोनेरी अक्षरं येतात, तो गोष्टींचा चालत नाही.

मी दहावी झालेला माणूस. १९७७ साली, तेही गणितात काठावर. विद्यापीठानं काय करावं हे सांगायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारील. अधिकार एवढाच, की माझं लिहिलेलं तुमच्या सूचीत चालतं. ज्याचा माल विकता त्याला भाव विचारू द्या.

आता त्या आठ गोष्टींपैकी एकीबद्दल सांगतो. ती सांगितल्याशिवाय माझं म्हणणं शहरातल्या वाचकाला कळायचं नाही.

आमची बरीच शेती खारेपाटातली. धरमतरच्या खाडीचं पाणी भरतीला वर चढतं आणि आमच्या शेतापासून त्याला अडवतो तो फक्त मातीचा बांध. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. त्या बांधाला ठिकठिकाणी उघाडी असतात. म्हणजे दारं. पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढं त्या दाराचं काम. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं, की ते वर्ष गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन धड पिकत नाही. पावसानं मीठ धुऊन जाईस्तोवर वाट बघायची. खारभूमीचा कायदा १९४८ साली झाला, पुढं १९७९ला नवा झाला, सरकारी खातं आलं. पण रात्री दोन वाजता बांध फुटतो तेव्हा खातं झोपलेलं असतं. गावच धावतं.

माझ्या लहानपणी भादव्याच्या उधाणाला अशी एक खांड पडली होती. निम्मे गडी मुंबईला गिरणीत. त्या रात्री बायांनी रांग केली आणि चिखलाचे गोळे, पेंढ्याच्या पेंढ्या, घरातली गोणपाटं हातोहात पुढं देऊन खांड बुजवली. ही कथा गावात सगळ्यांना माहीत. सत्काराच्या भाषणातही कुणी कुणी सांगतं. पण खांड पडली कशी, हे कुणी सांगत नाही. मी पन्नास वर्षं या गावात लिहितोय-वाचतोय, मलाही कुणी सांगितलं नाही. खरं म्हणजे मी विचारलंही नाही. आमच्यात दोन घरं त्या सालापासून एकमेकांच्या हळदीला जात नाहीत. एवढं माहीत असलं की पुढचं विचारायचं नसतं.

माझ्या पुतणीनं विचारलं. त्या रांगेतल्या सात बाया तेव्हा हयात होत्या. ती सातही जणींकडं गेली. पहिल्यांदा कॉलेजच्या पद्धतीनं गेली. कुणीतरी तिला छापील नमुना दिला होता. माहितगाराचं नाव, वय, शिक्षण, जात, पत्ता, सही. सही म्हटल्याबरोबर तिघी उठून चुलीकडं गेल्या त्या परत आल्याच नाहीत. चौथी म्हणाली, "नाव लिवतंस त मी नाय बोलत. गोष्ट लिवतंस त बस, आयक." आणि सगळं ऐकवून झाल्यावर म्हणाली, "लिव बाय, पन घर बदल."

हे 'घर बदल' मला फार मोठं वाटतं. त्या म्हातारीनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण गोष्ट काय असते हे तिला पक्कं ठाऊक होतं. घर बदललं की खरं बोलता येतं. घर तेच ठेवलं तर खोटं तरी बोलावं लागतं, नाहीतर गप्प बसावं लागतं. नमुन्यावर सही करून तिनं सांगितलं असतं, तर तिची सून आणि त्या दुसऱ्या घरची सून विहिरीवर एकत्र आल्या नसत्या.

सात जणींनी सात तऱ्हेनं सांगितलं. कुणी म्हणाली, बांध खेकड्यांनी पोखरला होता. कुणी म्हणाली, उघाडीचं दार कुजलेलं होतं. एक म्हणाली, दार कुणीतरी वर केलं होतं, जिताड्यासाठी. भरतीला दार उचललं की पाण्याबरोबर मासा आत येतो आणि जाळ्यात सापडतो, हे आमच्याकडं पोराटोरांनाही माहीत आहे. एकीला फक्त एवढंच आठवत होतं, की खांडीत पहिली उडी मारली तो गडी आधीच ओला होता.

पुतणीनं वर्षभर ते सात धागे घेऊन विचार केला. मग गोष्ट लिहिली. तिच्या गोष्टीत ज्यानं जिताड्याच्या लोभानं दार उचललं, तोच पहिली उडी मारतो. कुणाही बाईनं तिला असं सांगितलं नव्हतं. पण सातही जणींचं बोलणं ज्यात बसतं अशी ती एकच वाट होती. गाव पुढं त्याला वाचवणारा म्हणून मिरवतं आणि त्याला ते आयुष्यभर सोसत नाही, अशी ती गोष्ट. घर बदललेलं, आळी बदललेली, नाव तर नाहीच.

ती गोष्ट तिनं सगळ्यात थोरल्या म्हातारीला वाचून दाखवली. मी तिथं होतो. म्हातारी वाल सोलत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुना कोनी सांगितला गो?"

सर, निष्कर्ष विचारत होतात ना. हा घ्या.

गृहीतक पाहिजे तर तेही होतं. सात साक्षी होत्या, त्यांची एकमेकींशी पडताळणी होती, न जुळणाऱ्या गोष्टी टाकून न देता त्यांना जागा शोधणं होतं, आणि शेवटी जिला खरं माहीत होतं तिच्यापुढं ते मांडून बघणं होतं. फक्त हे सगळं तिनं तळटीपेत न लिहिता गोष्टीत जिरवलं. भातात पाणी जिरतं तसं. पाणी दिसत नाही म्हणून कुणी म्हणत नाही की भात कोरड्यावर पिकलंय.

मी शेतकरी असल्यामुळं मला दुसरं एक विद्यापीठ जवळून माहीत आहे, दापोलीचं. कोकण कृषी विद्यापीठ, १९७२ सालचं. त्यांचं पनवेलला खारभूमीचं संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणारी भाताची वाणं तिथं काढली, पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३. आमच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला ही नावं पाठ असतात. शेतीची पदवी घेणारी पोरं बांधावर आली, की मी त्यांना बघत बसतो. ती वाफे आखतात. बी पेरतात. फुटवे मोजतात, लोंब्या मोजतात, कापून वजन करतात. त्यांच्या प्रबंधात कोष्टकं असतात, आकडे असतात, पण त्या आकड्यांच्या तळाशी पीक असतं, त्यांनी स्वतः उगवलेलं. समजा उद्या दापोलीनं नियम केला की विद्यार्थ्यानं स्वतः काही पेरायचं नाही, दुसऱ्या शेतकऱ्यानं पेरलेल्या भाताविषयी दीडशे पानं लिहायची, तर आम्ही हसू. मराठीच्या बाबतीत मात्र तोच नियम चाललाय आणि कुणाला हसू येत नाही.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, १८५७ पासून. तिथला विद्यार्थी शेवटी भिंतीवर आपली चित्रं लावतो. दुसऱ्याच्या चित्रांवर निबंध लिहून चित्रकार म्हणून तिथून बाहेर पडता येत नाही. गाणं शिकणाऱ्याला परीक्षकापुढं बसून गावं लागतं. खुद्द मुंबई विद्यापीठाच्या कालिन्याच्या आवारात लोककला अकादमी आहे. तिथली पोरं पायात चाळ बांधून, हातात डफ घेऊन उभी राहतात आणि त्याचे त्यांना गुण मिळतात. मिळालेच पाहिजेत. मग त्याच आवारात गोष्ट सांगणाऱ्याला काय झालं? गोष्ट ही काय लोककलेहून हलकी आहे? की ती इतकी सोपी आहे, की ती करण्याला काम म्हणायचंच नाही?

मला वाटतं खरी मेख इथंच आहे. लिहिणं हे काम आहे असं आपल्या शिकलेल्या लोकांना मनातून वाटत नाही. ते सुचतं, असं त्यांना वाटतं. प्रतिभा, दैवी देणगी वगैरे. जे आपोआप सुचतं त्याला गुण कसले द्यायचे? उलट त्या सुचलेल्यावर जो मान मोडून लिहितो, त्याचे कष्ट दिसतात. मी दिवसा चिखलणी करून रात्री लिहीत आलोय. दोन्हींतलं पाठीला जास्त काय लागतं, विचारायला या कधीतरी.

पुतणीनं मला एक माहिती सांगितली, ती ऐकून मी थक्क झालो. अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे. मक्याचं राज्य, जिकडं बघावं तिकडं मका आणि डुकरं. म्हणजे आमच्यासारख्याच शेतकऱ्यांचं. तिथल्या विद्यापीठानं १९२२ सालीच ठरवलं, की पदवीसाठी प्रबंधाच्या जागी स्वतःचं सर्जनशील लेखन चालेल. १९३६ साली तिथं लेखनाचं वेगळं शिक्षण सुरू झालं. फ्लॅनरी ओकॉनर नावाची मुलगी दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातून तिथं शिकायला गेली आणि १९४७ साली तिनं सहा गोष्टींचा संग्रह प्रबंध म्हणून दिला. 'द जिरेनियम' हे त्यातल्या एका गोष्टीचं नाव, तेच प्रबंधाचं. विद्यापीठानं तो घेतला, पदवी दिली. पुढं ती आजारी पडली, आईच्या शेतावर जाऊन राहिली, मोर पाळले आणि तिथल्याच गावच्या माणसांवर लिहीत राहिली. एकोणचाळिसाव्या वर्षी गेली. आज तिच्यावर जगभर प्रबंध होतात. पण पहिला प्रबंध तिचा तिनं लिहिला होता, गोष्टींचा. आपले दिलीप चित्रे १९७५ साली त्याच आयोवाला लेखकांच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमासाठी गेले होते, दोन वर्षं राहिले होते. म्हणजे ही वाट आपल्या लोकांना अगदीच अनोळखी होती असं नाही.

कुणी म्हणेल, अमेरिकेचं सोडा, आपली परंपरा वेगळी. बरं, आपली परंपरा बघू.

लीळाचरित्र. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतात तो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला तो सिद्ध केला. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभट त्यांच्या माणसांना शोधत हिंडले. जो भेटेल त्याला विचारायचं, स्वामी तुमच्याकडं आले तेव्हा काय झालं, काय बोलले. शेतात काम करणाऱ्याबरोबर शेतात जाऊन ऐकायचं. मग नागदेवाचार्यांपुढं ठेवायचं आणि त्यांनी तपासल्यावर लिहायचं. मूळ पोथी पुढं धामधुमीत गेली, तेव्हा ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून परत गोळा केलं, आणि जिथं एकाचं दुसऱ्याशी जुळलं नाही तिथं पाठभेद ठेवले. झालं काय हातात? लहान लहान लीळा. एकेक प्रसंग, चार माणसं, दोन संवाद, संपलं. मला तर ते लहान गोष्टींचं पुस्तकच वाटतं, भक्तांनी मला क्षमा करावी. माझ्या पुतणीनं सात बायांकडं जाऊन जे केलं ते म्हाइंभटांहून फार लहान आहे, पण जात तीच आहे.

आता त्या रिद्धपुरात मराठी भाषेचं विद्यापीठ झालंय. चांगलं झालं. मराठीला २०२४च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, ढोल वाजले. आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावरसुद्धा खडूनं अभिनंदन लिहिलं होतं. माझा त्या विद्यापीठाला सरळ प्रश्न आहे. उद्या एखाद्या म्हाइंभटानं तुमच्या दारात येऊन लीळांची वही पुढं केली, तर तुम्ही ती घ्याल, की त्याला सांगाल, 'लीळाचरित्र : एक अभ्यास' असा विषय घे?

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. त्या बाईंना अक्षरओळख नव्हती. १९५१ साली त्या गेल्या आणि त्यानंतरच्या वर्षी त्यांच्या कविता छापल्या गेल्या. नाव दिलं याचा मला अभिमान आहे. पण त्या पाटीखालून एखादी पोरगी आपल्या ओव्या घेऊन आत गेली, तर ओव्यांवर तिला एम. ए.ची पदवी मिळेल का? व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ची. शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस. आज ते पुस्तक शिकवणाऱ्याला पगार मिळतो, त्यावर लिहिणाऱ्याला पदवी मिळते. तेच हस्तलिखित माडगूळकरांनी स्वतः प्रबंध म्हणून दिलं असतं, तर गृहीतक नाही म्हणून परत आलं असतं.

माझ्या या बोलण्यावर एका निवृत्त प्राध्यापक मित्रानं मला खूप सुनावलं. पेणला एसटी स्टँडसमोर चहा पिता पिता. तो म्हणाला, "तुला कल्पना नाही काय होईल. वर्गातली साठ पोरं साठ संग्रह आणून देतील. नवऱ्यानं मारलं, दुष्काळ पडला, बैल मेला. तपासणार कोण? आणि कुठल्या मापानं? पुतण्या-भाच्यांना पैकीच्या पैकी गुण जातील."

यातलं मापाचं बोलणं मला पटत नाही. पाठ्यपुस्तकात कुठली गोष्ट घ्यायची हे कुणीतरी ठरवतंच ना? पुरस्कार कुणीतरी देतंच ना? तेव्हा माप सापडतं. परीक्षेच्या वेळीच ते कसं हरवतं? एक प्राध्यापक बसवा, एक लेखक बसवा. मुलाला तोंडी विचारा. म्हातारीचा हात कुठं थांबला, तिथंच का थांबवलास? त्या गड्याला नाव का नाही दिलंस? ज्यानं लिहिलंय तो सांगतो. ज्यानं कुणाकडून लिहून घेतलंय तो घाम पुसतो. चोरीचं म्हणाल तर ती आजच्या प्रबंधांत नाही असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणावं. आयोगानंच २०१८ला नियम केलाय की दहा टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर शिक्षा नाही. आमच्या भातात दहा टक्के खडे निघाले तर व्यापारी गोणी उलटी करतो.

बैल मेल्याच्या गोष्टी मात्र येतील, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. खूप येतील. आणि एक भीती त्यानं सांगितली नाही, ती मला आहे. सरांना कसली गोष्ट आवडते हे पोरांना दोन महिन्यांत कळतं. मग सगळी तसलीच लिहायला लागतील. संकरित बियाणं आल्यावर सगळ्या शिवारात एकच रंग दिसायला लागला, तसं. अमेरिकेतही अशा शाळांबद्दल हीच कुरकूर आहे म्हणे, की सगळ्यांची गोष्ट एका साच्यातून काढल्यासारखी येते. याला माझ्याजवळ पक्कं उत्तर नाही. एवढंच म्हणतो, की आजही पोरं सरांच्या आवडीचंच लिहितात, फक्त ते दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल असतं. त्यातून एखाद्या गावची खांड कशी पडली हे कधीच बाहेर यायचं नाही. बैल मेल्याच्या चाळीस गोष्टींतून एक तरी तशी येईल.

आणि मी समीक्षेच्या विरुद्ध नाही. त्या मोजणाऱ्या मुलानं मला एक गोष्ट दाखवली होती जी मला माहीत नव्हती. माझ्या कथांत बाया आगरी बोलतात आणि पुरुष सरपंच झाले की प्रमाण मराठी बोलतात. मी ते ठरवून केलं नव्हतं. त्यानं दाखवल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो. अशी समीक्षा करणाऱ्याला पदवी द्या, खुशाल द्या. माझं म्हणणं, दोन वाटा ठेवा. ज्याला अभ्यास करायचाय त्यानं अभ्यास करावा, ज्याला लिहायचंय त्यानं लिहावं, आणि दोघांचं रेक्झिन एकाच लाल रंगाचं असावं.

पुतणीनं शेवटी प्रकल्प केला. माझ्यावर नाही केला, तेवढी तिनं माझी लाज राखली. एका मोठ्या कथाकाराच्या स्त्रीव्यक्तिरेखा घेतल्या. एकशे चाळीस पानं. मी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. भाषा स्वच्छ, मांडणी नीट, सगळीकडं 'दिसून येते', 'अधोरेखित होते', 'लक्षात घ्यावे लागेल'. एके ठिकाणी मात्र एक वाक्य होतं, की या कथांतल्या बाया घराबाहेर पडतात तेव्हा रस्ता दिसतो, पण त्यांच्या पायाखालचा चिखल दिसत नाही. तिथं मी पेन्सिलीनं खूण केली. ते तिचं होतं.

गुण चांगले मिळाले. आता ती तालुक्याबाहेरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तासाला पैसे, सुट्टीत शून्य. कायम व्हायचं तर नेट-सेट, आणि पुढं पीएच. डी. मी तिला म्हटलं, त्या आठ गोष्टी छापूया, मी माझ्या प्रकाशकाशी बोलतो. ती म्हणाली, "काका, प्रबंध केला तर तो कामात धरतात. गोष्टी छापल्या तर तो छंद." हे ती रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. हिशेब सांगावा तसं सांगितलं.

वही तिच्या आईच्या पेटीत आहे, लुगड्यांखाली. मधल्या काळात सात बायांपैकी पाच गेल्या. 'घर बदल' म्हणणारी गेल्या पावसात गेली.

शिमग्याला पुतणी घरी आली होती. वाल सोलणारी ती थोरली म्हातारी अजून आहे, डोळ्यांनी दिसत नाही पण आवाजावरून ओळखते. तिनं पुतणीचा हात धरला आणि विचारलं, "ती आमची गोष्ट परत वाचतंस का?" पुतणी म्हणाली, वही आणली नाही गं आजी. म्हातारी म्हणाली, "मंग तोंडानं सांग." आणि पुतणी ओटीवर टेकून सांगायला लागली. पाणी कुठून आलं तिथपासून.